शेवटची बारा पानं

८ जानेवारी

प्रिय वहिनी,

पत्र छापील दिसतंय म्हणून बँकेचं समजून बाजूला ठेवू नकोस, माझंच आहे. खालची सही बघ आणि मग पुढे वाच.

धाकट्या प्रकाशकांनी अखेर माझ्यापुढे हात टेकले. नवी कादंबरी जूनअखेर हवी, पण वहीत लिहिलेली नको, फाइल हवी. त्यांच्याकडे आता माझं अक्षर लावणारं कुणी उरलेलं नाही. ते म्हणाले, "तुमचं अक्षर वाचणारी जगात एकच व्यक्ती होती." ती तू. दादाशी लग्न करून आलीस त्या वर्षापासून माझ्या सातही पुस्तकांची स्वच्छ प्रत तू काढलीस, प्रुफं तू तपासलीस. मागच्या प्रकाशनाच्या भाषणात मी सांगितलंच होतं, की वहिनीनं चाळीस वर्षांत माझा एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला नाही. त्यानंतर महिन्याभरात तुझं मनगट कापायला लागलं आणि तू मुलाकडे राहायला गेलीस. दोन वर्षं झाली. मी तेव्हापासून एक पानही पुरं केलेलं नाही, हे तुला म्हणून सांगते.

तर वाचनालयाच्या वरच्या खोलीत मंगळवार-शुक्रवार शिकवणी लावली आहे. शिकवणारे मास्तर माझ्याहून पाचच वर्षांनी लहान, पूर्वी टायपिंगचा वर्ग चालवायचे. अजून हातात पट्टी असते. मारत नाहीत, पण टेबलावर आपटतात. त्यांनी मला साधं टायपिंग न शिकवता थेट लेखकांसाठीचं एक सॉफ्टवेअर उघडून दिलं. डाव्या बाजूला प्रकरणांची कार्डं, मधे कागद, उजवीकडे प्रत्येक पात्राचा अर्ज. अर्जात विचारतात: वय, डोळ्यांचा रंग, सर्वांत मोठी भीती, आयुष्याकडून अपेक्षा. माझ्या लिफ्टवाल्याला आयुष्याकडून काय हवंय हे मला ठाऊक असतं तर मी कादंबरी कशाला लिहायला घेतली असती? मी "अजून ठरलेलं नाही" असं लिहिलं. मास्तर म्हणाले, "बाई, रकाना भरलात ना, मग झालं."

काल एक कार्ड सरकवताना अख्खं दुसरं प्रकरण, म्हणजे होत्या त्या दहा ओळी, नाहीसं झालं. मास्तरांनी येऊन "मागे" नावाचं बटण तीनदा दाबलं आणि प्रकरण परत आलं. तोवर मी पिशवीतून वही-पेन बाहेर काढलं होतं.

वय त्र्याहत्तर. हे पुस्तक झालं नाही तर पुढचं होणार नाही, हे मला स्वच्छ दिसतंय. मनगट कसं आहे ते कळव.

तुझी नणंद


१७ जानेवारी

वन्सं, नमस्कार.

पत्र मिळालं. सूनबाईनं पाकिटावरचा छापील पत्ता बघून ते विजेच्या बिलांत ठेवलं होतं, म्हणून उत्तराला उशीर. पुढच्या वेळी पत्ता तरी हातानं घाला.

तुम्ही शिकायला लागलात हे ऐकून मला बरं वाटलं. तुम्ही मिक्सरला सुद्धा चार वर्षं हात लावला नव्हतात. मास्तरांना माझा नमस्कार सांगा आणि पट्टीला जरा सांभाळून राहा.

लिफ्टवाला कोण आहे ते नीट लिहा ना. नुसतं "माझा लिफ्टवाला" म्हणून सोडून दिलंत. तो लिफ्टमधे स्टुलावर बसतो की उभा असतो? पूर्वी तुम्ही वही पाठवायचात तेव्हा मला पात्र पहिल्या पानावरच भेटायचं. आता तुमचं पात्र अर्ज भरून घेतंय आणि मला काहीच माहीत नाही.

इथे सगळं ठीक. मुलगा कामावर जातो, सूनबाई घरातूनच कार्यालयाचं काम करते, दिवसभर समोरच्या खोलीत तिचा संगणक चालू असतो. मी भाजी निवडत तिच्या शेजारी बसते. तीही दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेले कागद तपासत असते. चांगलं काम आहे.

मनगट तसंच आहे.

वहिनी


११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तो स्टुलावर बसतो. एका आठ मजली कार्यालयात एकतीस वर्षं लिफ्ट चालवतो, आणि आता तिथे आपोआप चालणारी लिफ्ट बसणार आहे. एवढीच गोष्ट. बाकी सोबतच्या पाच प्रकरणांत वाच. हो, पाच. मी सुसाट सुटले आहे.

त्याचं कारण सांगते. सॉफ्टवेअरमधे खालच्या कडेला एक पट्टी आहे. रोज किती शब्द लिहायचे ते आपण ठरवायचं. मी आठशे ठरवले. लिहीत गेलं की पट्टी लाल, मग पिवळी, आणि आठशे झाले की हिरवी होते. वहिनी, ती हिरवी झाल्याशिवाय माझ्यानं उठवत नाही. परवा सातशे ऐंशीवर गाडी अडली, तर मी लिफ्टच्या दाराच्या पितळी मुठीचं वर्णन घातलं. झाली हिरवी. महिन्याभरात वीस हजार शब्द. दोन वर्षांत जे जमलं नाही ते एका पट्टीनं करून दाखवलं.

मास्तर म्हणतात, बोटं अजून अडखळतात, सरावासाठी ओळखीचं काहीतरी उतरवून काढा. म्हणून दुपारी मी "घड्याळवाली"ची जुनी वही घेऊन बसते. बाकी सहा पुस्तकांच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या, हीच एक वाचली. तिची नवी आवृत्ती येणारच आहे, प्रकाशकांनी जुन्या छापील प्रतीवरून फाइल करून ठेवली आहे. एकतीस वर्षांनी स्वतःचं लिखाण वाचतेय. तुला तर ठाऊकच आहे, छापून आलेलं पुस्तक मी उघडत नाही. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छपाईची चूक दिसली होती आणि मला चार दिवस जेवण गेलं नव्हतं, तेव्हापासून कानाला खडा लावला. त्यामुळे आता ही वही वाचताना मजा येतेय. घड्याळं दुरुस्त करणारी विधवा, तिचं ते चिंचोळं दुकान. शेवट तर काय साधलाय. ते शेवटचं वाक्य आठवतं? "वेळ कुणाचीच नसते, ती फक्त दुरुस्तीला आलेली असते." आठ दिवस लागले होते त्या वाक्याला. लोक अजून त्या शेवटाबद्दल पत्रं लिहितात.

पाच प्रकरणं वाच आणि खरं काय ते सांग.

तुझी नणंद


२५ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

पाचही प्रकरणं वाचली. छान आहेत.

पितळी मूठ दोनदा आली आहे, दुसऱ्या प्रकरणात आणि चौथ्यात. तेवढं बघा. लिफ्टवाला तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंसाठी लिफ्ट थांबवून धरतो तो भाग मला फार आवडला. तो सोळाव्या पानावर आहे. तिथपर्यंत पोचायला मला दोन दिवस लागले, पण माझे डोळेही आता पूर्वीचे राहिले नाहीत.

नव्या आवृत्तीची प्रुफं कोण तपासणार आहे? जुनीच फाइल असेल तर तपासायची फार गरज नाही. तुम्ही उगाच त्यात वेळ घालवू नका. नवं पुस्तक आधी पुरं करा.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

तू "छान आहेत" म्हणालीस त्याबद्दल मला बोलायचं होतं, कारण तू मनापासून छान म्हणतेस तेव्हा एवढ्यावर थांबत नाहीस. पण ते राहू दे. त्याहून मोठं प्रकरण झालंय.

"घड्याळवाली" मी वहीवरून पूर्ण उतरवली. मास्तरांना अभिमान वाटला. ते म्हणाले, आता तुमच्या टायपिंगच्या चुका मोजू. सॉफ्टवेअरमधे "तुलना" म्हणून सोय आहे. एका बाजूला माझी फाइल, दुसऱ्या बाजूला प्रकाशकांची. जे जुळत नाही त्याखाली लाल रेघ. मास्तरांनी बटण दाबलं आणि पडदा लाल झाला. पानामागून पान. मास्तर पट्टी खाली ठेवून म्हणाले, "बाई, इतक्या चुका तर माझ्या पहिल्या दिवसाच्या विद्यार्थ्यानंही केल्या नव्हत्या."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? वाटलं, बोटं गेली, डोळे गेले, आता डोकंही गेलं.

मग मी वही उघडून एकेक रेघ ताडून पाहायला लागले. माझं टायपिंग बरोबर होतं, वहिनी. पुस्तकच वेगळं आहे. ओळी गेल्यात, विशेषणं गेलीत, दुकानाच्या भिंतींचं वर्णन निम्मं झालंय. आणि शेवट नाही. ती दुकानाचं शटर अर्धं खाली ओढते आणि तशीच उभी राहते, तिथे छापील पुस्तक संपतं. पुढची बारा पानं, तिचं स्टेशनवर जाणं, मुलाची भेट, ते आठ दिवसांचं वाक्य, सगळं गायब.

म्हणजे एकतीस वर्षं लोक ज्या शेवटाची वाखाणणी करत होते तो माझा नव्हताच. एका वाचकानं विचारलं होतं, "ती पुढे मुलाकडे गेली की नाही?" मी त्याला खरमरीत उत्तर पाठवलं होतं, की बारा पानं लिहिली आहेत, जरा डोळे उघडून वाचा. बिचारा.

हे थोरल्या प्रकाशकांचं काम. कागद वाचवायला त्यांनी पानं गाळली असणार. ते आता हयात नाहीत, पण धाकटे आहेत. वीस तारखेला त्यांच्याकडे जाऊन सगळं तोंडावर सांगणार आहे, आणि नव्या आवृत्तीच्या कार्यक्रमात चारचौघांतही सांगणार आहे. तुझी स्वच्छ प्रत तुझ्याकडे आहे का? पुरावा म्हणून हवी. लगेच कळव.

तुझी नणंद


१३ मार्च

वन्सं,

हे पत्र कुरिअरनं पाठवते आहे, वीस तारखेच्या आत पोचावं म्हणून. प्रकाशकांकडे जाऊ नका. थोरल्यांनी एक ओळही गाळलेली नाही. त्यांच्या हातात जी प्रत पडली तीच त्यांनी छापली. ती मी दिली होती.

बारा पानं मी काढली.

बसून वाचा, वन्सं. मीही बसूनच लिहिते आहे.

पहिल्या पुस्तकात ती चूक होती. जिन्याचं वर्णन होतं, तीन पानं. उतरवताना मधलं एक पान माझ्याकडून राहूनच गेलं. प्रुफं आली तेव्हा लक्षात आलं. घालायला गेले, तर वाटलं, नसलेलंच बरं दिसतंय. जिना चटकन चढून होत होता. मी ते तसंच सोडलं आणि तुम्ही पुस्तक वाचाल त्या दिवसाची वाट बघत बसले. रागवाल, मग मी पाया पडेन, असं ठरवलं होतं. तुम्ही पहिलं पान उघडून छपाईची चूक पाहिलीत आणि पुस्तक जे मिटलंत ते मिटलंत.

दुसऱ्या पुस्तकात मी जाणूनबुजून केलं. थोडं. तिसऱ्यात अधिक. हे मला म्हणाले होते, "ती वाचेल तेव्हा काय करशील?" मी म्हटलं, सांगेन. हे म्हणाले, "ती कुठे वाचतेय." ह्यांना सगळं माहीत होतं. त्यांनीही कधी तोंड उघडलं नाही.

"घड्याळवाली"ची शेवटची बारा पानं मी आधी उतरवली होती, नीट, एकही खाडाखोड न करता. प्रकाशकांकडे द्यायच्या सकाळी शेवटची घडी घालताना पुन्हा वाचली. ती शटर धरून उभी आहे, वन्सं. तिला काय करावं ते कळत नाही, आणि मलाही कळत नव्हतं. पुढे तुम्ही सगळं समजावून सांगत होतात. मी ती पानं काढून साडीच्या घडीत ठेवली. ती या पाकिटात आहेत. कागद पिवळा पडलाय, पण पूर्ण आहेत. नव्या आवृत्तीत घालायची असतील तर घाला. हक्क तुमचा आहे.

आणखी एक. प्रत्येक पुस्तकात, पहिल्याच्या प्रुफांतही, मी माझं एक वाक्य घातलं. एकच. तुम्हाला खटकावं आणि तुम्ही विचारावं म्हणून. सात पुस्तकं झाली, तुम्ही विचारलं नाहीत. चूक माझी आहे, हे मला कळतं. पण चाळीस वर्षं कुणीतरी रागवायची वाट बघत राहणंही सोपं नसतं.

वहिनी


१८ मार्च

पत्र आणि पानं मिळाली. प्रकाशकांकडे जात नाही.


१० एप्रिल

वन्सं, नमस्कार.

तीन आठवडे तुमचं काही कळलं नाही. फोन केला तो तुम्ही उचलला नाहीत. वाचनालयात फोन लावला तर मास्तर म्हणाले, बाई मंगळवारी येत नाहीत, शुक्रवारीही येत नाहीत. म्हणाले, "एवढी चांगली विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती."

बोलू नका हवं तर. पण तब्येत बरी आहे एवढं एका ओळीत लिहा. आणि लिफ्टवाल्याला सोडू नका. रागावून मला सोडलंत तर समजू शकते.

वहिनी


२ मे

वहिनी,

तब्येत बरी आहे. हे पत्र हातानं लिहितेय, अक्षर तूच लावू शकशील.

तुझं पत्र वाचून मला पहिले आठ दिवस फक्त राग आला. तुला मी घरातली सगळ्यांत सरळ बाई समजत होते, आणि तू माझ्या सात पुस्तकांत हात घालून बसली होतीस. स्टेजवर उभी राहून मी स्वल्पविरामाचं ते वाक्य बोलले तेव्हा तू दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस. चारशे लोकांसमोर मी किती मूर्ख दिसत होते हे त्या सभागृहात फक्त तुला माहीत होतं. ते आठवलं की अजून अंगाची लाही होते.

मग मी कपाटातून सातही पुस्तकं काढली आणि वाचायला बसले. चौथ्या पुस्तकाची पानं तर अजून कापलेली नव्हती, चाकू घेऊन बसावं लागलं. बावीस दिवस लागले. पुस्तकं चांगली आहेत, वहिनी. हे मी त्र्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा वाचक म्हणून सांगतेय. "घड्याळवाली"च्या शेवटी ती शटर धरून उभी राहिली तेव्हा माझंही पुस्तक हातात तसंच राहिलं. मग तुझी ती पिवळी बारा पानं वाचली. वेळ दुरुस्तीला आलेली असते म्हणे. हे वाक्य सुचायला मला आठ दिवस लागले होते, आणि त्यातला एकही दिवस कुणी मला थांबवलं नाही.

बारा पानं कपाटात ठेवली आहेत. नवी आवृत्ती आहे तशीच निघेल.

तू घातलेली सात वाक्यं मी शोधली. वही फक्त "घड्याळवाली"ची आहे, म्हणून त्यातलं नक्की सांगते: "नवऱ्याच्या हातचं शेवटचं दुरुस्त झालेलं घड्याळ न्यायला कुणी आलंच नाही, म्हणून तिनं ते वेळेवर ठेवलं." हे माझं नाही. वाचलं आणि मला तुझा हेवा वाटला. बाकी सहा अंदाजानं निवडली, प्रत्येक पुस्तकातलं जे सर्वांत चांगलं वाटलं ते. पहिल्यातलं जिन्याचं, की उतरताना तो प्रत्येक पायरीला नमतं घ्यायचा. तिसऱ्यातलं, "तो इतका हळू बोलायचा की लोक त्याला शहाणा समजत." सगळी यादी मागच्या बाजूला लिहिली आहे. बरोबर आहे का ते सांग.

आता खरी गोष्ट. लिफ्टवाल्याचे सत्तर हजार शब्द झाले आहेत. एप्रिलअखेर पुरे झाले. रोज पट्टी हिरवी झाली. आणि पुस्तक वाईट आहे. हे तुला फेब्रुवारीतच दिसलं होतं, तू मूठ दोनदा आली म्हणून सोडून दिलंस. मी सॉफ्टवेअरला बोल लावत होते, की यंत्रावर लिहिल्यामुळे लिखाण फुगलं. यंत्रामुळे नाही. मी नेहमीच असं लिहीत होते. तू मधे होतीस म्हणून कळलं नाही.

जूनअखेर फाइल द्यायची आहे. माझ्यानं काय काढायचं ते ठरत नाही. मला सगळंच लागतं. तू काढशील का?

आणि वहिनी, तुझी या वर्षातली सगळी पत्रं मी समोर मांडून बसले आहे. एकही अक्षर हललेलं नाही. कुठलं मनगट कापतं तुझं?

तुझी नणंद


१२ मे

वन्सं, नमस्कार.

मनगटाला काही झालेलं नाही. त्या भाषणाच्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि घरी येऊन मला वाटलं, आता पुरे. चाळीस वर्षं केलेलं काम म्हणजे एकही स्वल्पविराम न हलवणं, असं तुम्ही चारचौघांत सांगितलंत, आणि माझ्याच लबाडीमुळे मला त्यावर ब्र काढता येईना. मला वाईट वाटलं होतं. राग तुमचा नव्हता, पण वाईट फार वाटलं होतं. म्हणून मनगट पुढे केलं.

तुमची यादी पाहिली. घड्याळाचं वाक्य माझं. जिन्याचंही माझं. बाकी पाचही तुमची आहेत.

हळू बोलणाऱ्या माणसाचं वाक्य तुमच्या वहीत चहाच्या डागाखाली होतं. मी ते भिंगातून वाचलं आणि उठून ह्यांना वाचून दाखवलं. तुम्हाला स्वतःचं चांगलं वाक्य ओळखता येत नाही, वन्सं. दहा वाक्यांत एक असतं, आणि उरलेली नऊ तुम्ही त्याच्या भोवती रचून ठेवता. मी नऊ काढत होते, एवढंच. माझी राहिलेली पाच वाक्यं साधी आहेत. ती शोधू नका, सापडली तर हेवा वाटायचा नाही.

लिफ्टवाला मला द्या. पण यावेळी माझी अट आहे. मी वहीवरून गुपचूप काही करणार नाही. सूनबाईनं मला तिच्या संगणकावर शिकवलं आहे, ती कार्यालयात कागद तपासते तसंच. मी जे काढेन त्यावर लाल रेघ येईल, जे घालेन ते हिरवं दिसेल. काढलेलंही कुठे जात नाही, तिथेच असतं. प्रत्येक रेघेपुढे तुम्हाला दोन बटणं दिसतील, मान्य आणि अमान्य. एकेक रेघ बघून तुम्ही बटण दाबायचं. "सगळं मान्य" असं एक बटण आहे, ते दाबायचं नाही. मला कळेल.

मला ते चार दिवसांत जमलं. तुमच्या मास्तरांना सांगू नका.

दुसरी अट, पुस्तक छापून आलं की पहिल्या दिवशी उघडायचं.

सूनबाईच्या पत्त्यावर फाइल पाठवा.

वहिनी


२४ जून

वहिनी,

तुझी फाइल पंधरा दिवस बघत होते. सत्तर हजारांचे एकेचाळीस हजार उरले आहेत. रेघा चारशे सतरा. मी एकेकीवर बसले, सगळं मान्यचं बटण दाबलं नाही, मास्तर साक्षीला आहेत. तीनशे नव्वद मान्य केल्या. सत्तावीस अमान्य. त्यांतल्या सहा केवळ माझ्या हट्टानं, हे आधीच कबूल करते. पितळी मूठ एकदाच ठेवली आहे, पण ठेवली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आता पाचव्याच पानावर भेटतात. त्या तिथेच असायला हव्या होत्या, हे मला तू सरकवल्यावर दिसलं.

खालची पट्टी मी बंद करून टाकली. मास्तर म्हणाले, "मग रोज थांबायचं कधी हे कसं कळणार?" मी म्हटलं, वहिनीला विचारेन.

परवा सगळ्या रेघा निकालात निघाल्या आणि पान स्वच्छ झालं. प्रकाशकांकडे धाडायच्या आधी मी ते पहिल्यापासून वाचलं. तुलनेचं बटण न दाबता, नुसतं डोळ्यांनी. माझ्या आयुष्यात माझं पुस्तक छापायला जाण्याआधी मी पहिल्यांदाच वाचत होते.

पान एकशे सत्त्याऐंशी. "लिफ्ट बंद पडली त्या दिवशी लोकांनी त्याला पहिल्यांदा विचारलं, तुम्ही राहता कुठे?"

हे वाक्य माझं नाही. ते हिरवं नव्हतं, लाल नव्हतं, आधीपासून तिथेच असल्यासारखं काळं होतं. म्हणजे तू रेघांची सोय बंद केलीस, वाक्य घातलंस आणि सोय पुन्हा चालू केलीस. चार दिवसांत एवढं शिकलीस. आणि मला वर अटी घालत होतीस.

कुणाला विचारून घातलंस हे? पुस्तक कुणाचं आहे? माझ्या लिफ्टवाल्याला लोकांनी काय विचारायचं ते ठरवणारी तू कोण? चाळीस वर्षं झाली, सून आली घरात, तरी तुझी खोड जात नाही. मी फार रागावले आहे, वहिनी, हे नीट दोनदा वाच.

फाइल आज सकाळी पाठवली. वाक्य होतं तिथेच आहे.

तुझी नणंद